आज पलीकडे कोणाची पाळी

सोमवार, ६ जानेवारी

ही वही मी वर्गातल्या गमतीजमती टिपून ठेवायला घेतली होती. एकोणतीस वर्षं बालवर्गाला शिकवतेय, पाच-पाच वर्षांच्या चोवीस वल्ली रोज माझ्यासमोर, मग गमतींना काय तोटा! पहिल्याच पानावर एका पोरीची गोष्ट आहे. तिने मला विचारलं होतं, "बाई, तुम्ही रात्री कपाटात झोपता का?" कारण मी सकाळी तिच्या आधी हजर आणि दुपारी तिच्या नंतरही तिथेच.

पण आजपासून या वहीत गमती बंद. आजपासून पुरावे. माझ्या वर्गात कुठेतरी पाणी मुरतंय आणि कुठे ते मी शोधून काढणार आहे.

झालं असं की आज आम्ही 'पुतळा' खेळलो. मी फळ्याकडे तोंड करून पाच आकडे म्हणते, तोवर पोरांनी हवं तसं नाचायचं. मी वळून "पुतळा!" म्हटलं की जागच्या जागी थिजायचं. हलला तो बाद. नाताळच्या सुट्टीआधीपर्यंत पोरं वर्गभर पसरून खेळायची. आज प्रत्येकाला खिडकीकडच्या भिंतीलाच जायचं होतं. नुसती ढकलाढकली! आणि शेवटी जिंकला कोण? भोवरा. जो पोरगा झोपेतसुद्धा स्थिर नसेल, तो!

मी विचारलं, "तू अजिबात हलला नाहीस?"

"खूप हललो बाई," तो म्हणाला, आणि अख्खा वर्ग पोट धरून हसला.

मी डोळ्यात तेल घालून बघत होते. तो हलला असता तर मला दिसलंच असतं. म्हणजे कार्टं माझी चेष्टा करतंय. पण त्याला शिकवलं कोणी?

बुधवार, ८ जानेवारी

संशय घ्यायला एक जागा आहे. टेपबाई.

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, नोव्हेंबरात मला मदतनीस दिली. मी मागितली नव्हती. चाळिशीची आहे, आधी शिवणवर्ग चालवायची, गळ्यात अजून मोजायची टेप असते. मला ताई म्हणते. हळू बोलते, हळू चालते, आणि सारखी माझ्याकडे बघत असते. मी कपाटाकडे निघाले की ही आधी तिथे जाऊन उभी. मी दाराशी गेले की ही वाटेतली दप्तरं उचलते. एवढी तत्परता फुकट कोणी करत नाही.

त्यात मोठ्या बाई काल म्हणाल्या, "पुढच्या वर्षी बालवर्ग कोणाकडे द्यायचा ते मार्चमध्ये ठरवू." एकोणतीस वर्षांत हे कधी ठरवावं लागलं नव्हतं. वर्ग गेला तर मला कार्यालयात दाखले लिहायला बसवतील. तिथे भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि कोणी येऊन विचारणारही नाही की बाई, मुंगीला ढेकर येतो का. मला ते जमणार नाही. माझा वर्ग मी असा सहजासहजी सोडायची नाही.

आज डब्याच्या सुट्टीत वकिलाला बोलताना ऐकलं. (हा पोरगा साध्या 'खाली बस'वरही बाजू मांडतो, म्हणून वकील.) तो विचारत होता, "आज पलीकडे कोणाची पाळी?" मी जवळ गेले तर सगळे चिडीचूप. पलीकडे म्हणजे कुठे? वर्ग एवढासा, त्याला पलीकडे येतंच कुठून?

शुक्रवार, १० जानेवारी

आज छोट्या खुर्चीला अडखळून गुडघ्यावर आपटले. सकाळी ती खुर्ची तिथे नव्हती, हे मी छातीठोकपणे सांगते. वकील सगळ्यात जवळ होता म्हणून त्याला धरलं.

"खुर्ची कोणी सरकवली?"

"बाई, खुर्ची होती तिथेच होती. तुम्ही आलात."

बघा! याला म्हणायचा वकील! गुडघा सुजलाय. तरी मला आठवलं की हसू येतं आणि मग राग येतो, की मी हसतेय कशाला.

चष्म्याचा प्रश्न नाही. परवाच एका फटक्यात सुईत दोरा ओवला, वर्तमानपत्रातलं बारीक अक्षर दिव्याशिवाय वाचते. हे वहीत मुद्दाम नोंदवून ठेवते, कारण टेपबाई आज म्हणत होती, "ताई, डोळे तपासलेत का एवढ्यात?" वरवर काळजी, आतून भलतंच. मी म्हटलं, "तुझे असतील त्याहून बरे आहेत."

सोमवार, १३ जानेवारी

सापडलं! माझ्या टेबलाच्या दोन पायांपासून जमिनीवर खडूच्या दोन रेघा निघाल्या आहेत. एक दाराच्या दिशेने, चांगली ऐसपैस, थेट मागच्या कोपऱ्यापर्यंत. दुसरी खिडकीच्या बाजूची, ती मात्र आखडती, सरळ समोर जाऊन तिसऱ्या बाकाला भिडते. त्या रेघेच्या पलीकडे खिडकी, खेळण्यांचं कपाट आणि सहा-सात खुर्च्या.

आणि तिथेच टेपबाई उकिडवी बसून टेपने मोजत होती.

म्हणजे वर्गाची वाटणी! खिडकीकडची बाजू तिची, उरलेली माझी. मध्ये पार्टिशन घालतील, मग हळूहळू माझी बाजू आक्रसत जाईल. पोरांना पण तिने फितवलंय, म्हणून ती तिकडे पळतात.

मला बघून ती दचकून उभी राहिली. "ताई, तुमच्याशी जरा बोलायचं होतं. शांतपणे."

"मोजून झालं असेल तर पाण्याच्या बाटल्या भर," मी म्हटलं. तिचा चेहरा पडला. मी ओल्या फडक्याने दोन्ही रेघा पुसून टाकल्या. पोरं टकामका बघत राहिली.

मंगळवार, १४ जानेवारी

रेघा परत आल्या. बोटभरही इकडेतिकडे नाहीत. मी पुन्हा पुसल्या.

भोवरा कळवळून म्हणाला, "बाई, किती मेहनत लागते माहितीये का!"

म्हणजे पोरांकडून करवून घेते. आई गं, काय पक्की बाई आहे ही!

गुरुवार, १६ जानेवारी

घरातही काहीतरी शिजतंय. तीस वर्षं यांनी रस्त्यात कधी माझा हात धरला नाही. लग्नाच्या फोटोतसुद्धा मध्ये वीतभर अंतर आहे. आणि आता महिनाभर बाजारात निघालो की हे माझ्या डाव्या बाजूला येतात आणि कोपराला धरतात. मी उजवीकडे गेले की पुन्हा फिरून डावीकडे. चहाही स्वतःच ओततात. म्हणतात, "तू बस."

मी विचारलं, "एवढं प्रेम कशापायी उतू चाललंय? काही लपवताय का?"

तर म्हणाले, "तू परवा सायकलवाल्याच्या अंगावर गेलीस."

मी गेले? तो कुठून उगवला ते त्याचं त्यालाच माहीत. घंटी वाजवली म्हणे. घंटी मी ऐकली, पण सायकल कुठे होती?

त्यांचा चेहरा खोटं बोलणाऱ्यासारखा नव्हता, तेच मला जास्त खटकलं.

शुक्रवार, १७ जानेवारी

आज केलं ते चांगलं नाही केलं, पण केलं. टेपबाई बाहेर गेली असताना तिच्या टेबलावरची वही उघडून पाहिली. तारखा घालून लिहिलंय.

'डाव्या खांद्याने दाराच्या चौकटीला धडक. तिसऱ्यांदा.'

'दूध सांडलं, पेला दिसला नाही.'

'पुतळा. खिडकीकडची पोरं उड्या मारत होती. एकालाही बाद केलं नाही.'

आणि खाली, 'मोठ्या बाईंना सांगावं का? बाबांच्या वेळी मी गप्प बसले.'

ही माझी फाईल तयार करतेय! माझी एक-एक चूक मांडून ठेवलीय आणि मार्चमध्ये ती मोठ्या बाईंपुढे ठेवणार. हिच्या बाबांचा इथे काय संबंध ते कळलं नाही. बहुतेक त्यांनीही कोणाची तरी नोकरी घालवली असेल.

पोरं उड्या मारत होती म्हणे. चक्क खोटं! सगळी दगडासारखी उभी होती.

बुधवार, २२ जानेवारी

आज जे झालं ते लिहायला बळ नाही, पण लिहिलं नाही तर वहीला पुरावे कशाला म्हणायचं?

शाळा सुटली. टेपबाई पोरांना फाटकापर्यंत न्यायला गेली. मी नेहमीप्रमाणे टेबलापाशी उभी राहून वर्गावरून नजर फिरवली. एक खुर्चीही भरलेली नव्हती. दाराला कडी घातली आणि निघाले. फाटकाशी पोहोचते तर डुलकीची आई उभी. डुलकी म्हणजे आमचा कायम पेंगणारा, दुपारी बारानंतर त्याला राष्ट्रपती भेटायला आले तरी तो उठायचा नाही. "तो कुठाय?" तिने विचारलं. मी म्हटलं, "आताच तर सगळी गेली."

तेवढ्यात आतून मावशींचा, आमच्या शिपाईबाईंचा, आवाज आला. डुलकी बंद वर्गात दार बडवत होता. खिडकीशी खुर्चीत झोपला होता म्हणे. दहा मिनिटं. रडून रडून त्याचा श्वास अडकत होता.

त्याच्या आईने माझ्याकडे नुसतं बघितलं. एकोणतीस वर्षांत माझ्या वर्गातलं एक मूल रडत घरी गेलं नाही असं मी सगळ्यांना सांगायचे.

तो तिथे नव्हता. मी बघितलं होतं. माझ्या या दोन डोळ्यांनी.

गुरुवार, २३ जानेवारी

मोठ्या बाईंनी बोलावलं. टेपबाई आधीच आत बसलेली, डोळे लाल. म्हणजे चुगली झाली होती.

"डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद आणा," मोठ्या बाई म्हणाल्या. "तोवर वर्गात जायचं नाही."

मी म्हटलं, "मला अडकवलंय. पोराला मुद्दाम झोपवून कोणीतरी तिथे बसवलं."

म्हटलं खरं, पण माझं मलाच कसंतरी वाटलं. टेपबाई रडायलाच लागली. मोठ्या बाईंनी पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला. मी हात टाकला उजवीकडे आणि डाव्या कोपराने तोच पेला खाली पाडला.



सोमवार, २७ जानेवारी

हे बरोबर आले होते. डाव्या बाजूने.

डॉक्टरीणबाई माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाची. अक्षरं वाचायला लावली, सगळ्यात खालची ओळ मी धडाधड म्हणून दाखवली. यांच्याकडे विजयी मुद्रेने बघितलं. मग तिने मला एका पांढऱ्या भांड्यासारख्या यंत्रासमोर बसवलं. हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, कडेला कुठेही दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. एक डोळा झाकून, मग दुसरा.

यंत्र बिघडलेलं होतं. बराच वेळ काही लागायचंच नाही. मी बटणावर बोट ठेवून वाट बघतेय आणि समोर नुसतं पांढरं. मी तिला म्हटलं, "तुमचे डावीकडचे दिवे गेलेत वाटतं. बदलून घ्या."

ती म्हणाली, "दिवे लागतायत, आजी."

आजी म्हणाली त्याचा मला रागही आला नाही.

मग डॉक्टरीणबाईंनी कागद समोर ठेवला. दोन गोल, डाव्या डोळ्याचा गोल बराचसा काळा, उजव्याचीही कड काळवंडत आत आलेली. काचबिंदू आहे म्हणाल्या. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने नजर खात जातो. तिथे काळं दिसत नाही, काहीच दिसत नाही, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. समोरचं बारीक अक्षर शेवटपर्यंत वाचता येतं. गेलेलं परत येत नाही. औषध रोज घातलं तर उरलेलं बहुतेक टिकतं.

यांनी माझा हात धरला होता. मी विचारलं, "म्हणजे मला नेमकं किती दिसतं?"

तिने दुसरा कागद घेतला, मध्ये एक टिंब काढलं, "हे तुम्ही," म्हणाली, आणि टिंबापासून दोन रेघा ओढल्या. उजवीकडची ऐसपैस. डावीकडची आखडती, जवळजवळ सरळ.

मी म्हटलं, "ही रेघ मी दोनदा पुसलीय."

त्यांना वाटलं मला धक्का बसलाय. यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला. मी रडले, ते वर्गासाठी नाही आणि डोळ्यांसाठीही नाही. रडले त्या डुलकीसाठी. तो तिथेच होता.

मंगळवार, २८ जानेवारी

औषध घातलं. सकाळी एक थेंब, रात्री एक थेंब. चुरचुरतं.

गुरुवार, ३० जानेवारी

कागद द्यायला शाळेत गेले. मोठ्या बाई मीटिंगमध्ये होत्या. डब्याची सुट्टी होती, वकील एकटाच पायरीवर बसून केळं सोलत होता. मी शेजारी बसले. त्याच्या उजवीकडे बसले, म्हणजे तो माझ्या डावीकडे आला, आणि मग मला उठून दुसऱ्या बाजूला बसावं लागलं. त्याने समजून सरकून जागा दिली.

"पलीकडे म्हणजे काय रे?" मी विचारलं.

"जिथे बाईंना दिसत नाही ते," तो म्हणाला. किती सहज! "पुतळा खेळताना भोवऱ्याला कळलं. मग सगळ्यांनाच जायचं होतं, मारामारी झाली, म्हणून पाळ्या लावल्या. रोज सहा जण. पण कोण आत, कोण बाहेर यावरून भांडणं व्हायला लागली."

"म्हणून रेघ?"

"हो. एकेकाने हात हलवत हलवत पुढे यायचं. तुम्ही 'खाली बस' म्हणून ओरडलात की तिथे खडूची खूण. चार दिवस लागले बाई! आणि तुम्ही पुसलीत."

"मला सांगितलं का नाहीस?"

तो केळं खायचा थांबला. "तुमचे डोळे आहेत. आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत असेल."



मग टेपबाईकडे गेले. ती कपाटात खेळणी लावत होती. मी तिची वही वाचली हे कबूल केलं. ती म्हणाली, "माहितीये ताई. तुमच्या बोटाचा खडू पानाला लागला होता." तिच्या वडलांना हेच झालं होतं. ते दाराला धडकायचे तेव्हा घरातले हसायचे आणि तीही हसायची. कळलं तेव्हा दोन्ही डोळे गेलेले. "पोरांची रेघ बघितली आणि मला घाम फुटला. मोजली, म्हटलं मोठ्या बाईंना आकडा तरी सांगता येईल. तुम्हाला सांगायला आले होते त्या दिवशी."

मी तिला पाण्याच्या बाटल्या भरायला पाठवलं होतं.

माफी मागायची मला सवय नाही. मागितली. नीट नाही जमली, मध्येच मी तिला खेळणी चुकीच्या खणात लावल्याबद्दल बोलले. ती हसली.

सोमवार, ३ फेब्रुवारी

मोठ्या बाईंनी सांगितलं, वर्ग माझाच, पुढच्या वर्षीही, पण टेपबाईची खुर्ची कायम खिडकीच्या बाजूला, आणि शेवटी वर्ग बंद करायचा तो तिने. दर चार महिन्यांनी डॉक्टरांचा कागद. मी लगेच हो म्हटलं. नंतर मनात आलं, या एवढ्या सहज कशा तयार झाल्या? यात काही डाव तर नसेल? मग म्हटलं, पुरे आता.

वर्गात जायच्या आधी डुलकीच्या आईला भेटले. ती फाटकाशी थांबली होती. मी सगळं सांगितलं, कागदही दाखवला. ती म्हणाली, "तो घरी रोज विचारतो, बाईंना मी दिसलो नाही म्हणून बाई शाळेत येत नाहीत का." तिनेच डुलकीचा हात माझ्या हातात दिला.

वर्गाचं दार उघडलं आणि मला वाटलं चुकून दुसऱ्याच वर्गात आले. खडूच्या रेघा परत आल्या होत्या, या वेळी चांगल्या जाड. आणि सगळी बाकं, सगळ्या खुर्च्या ओढून दोन रेघांच्या आत कोंबलेल्या. पोरांची कोपरं एकमेकांच्या बरगड्यांत, दप्तरं मांडीवर, एकीची वेणी दुसरीच्या डब्यात. टेपबाई म्हणाली, "मी नाही हं. सकाळी आले तर ही सरकवासरकव चालली होती."

"आता सगळे दिसतो का?" वकिलाने विचारलं.

मी मान हलवली.

"एक जण मावत नाही," तो म्हणाला. "आम्ही खूप दाबून बघितलं. म्हणून पलीकडची पाळी चालूच ठेवलीय, पण एकाचीच. आणि नियम केलाय, जो पलीकडे त्याने सारखं गात राहायचं. म्हणजे तुम्ही कडी लावणार नाही."

आजची पाळी भोवऱ्याची होती. त्याला एकच गाणं येतं आणि त्याच्याही दोनच ओळी. मी हजेरीचं पुस्तक उघडलं. रेघांच्या आत बोट फिरवत मोजलं, एक, दोन, तीन... तेवीस दिसले. खिडकीच्या बाजूने त्याच दोन ओळी बेसूर, न थांबता चालू होत्या.

मी चोवीस लिहिले.